आक्कांच्या नावावर

"वापरात आहे का?" हा आक्कांचा प्रश्न. तो त्या कशालाही लावत. खुंटीवरच्या माझ्या छत्रीला, शेजाऱ्यांच्या जिन्याखाली उभ्या सायकलला, माझ्या एम. कॉम.च्या डिग्रीला. एकदा माझा एक मित्र मला भेटायला इमारतीखाली आला होता. आक्कांनी गॅलरीतून त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत येऊन शांतपणे विचारलं, "हा वापरात आहे का गं?" मी पाणी पीत होते, ठसका लागला. उत्तर काही दिलं नाही. द्यायला हवं होतं, पुढचं पुष्कळ टळलं असतं.

दिंडोशीच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर, आक्कांच्या वन रूम किचनमध्ये मी पाच वर्षं पेइंग गेस्ट म्हणून राहिले. नोकरी मरोळला, एका पॅकिंगच्या कारखान्याच्या ऑफिसात. मी मिरजेची. पण आक्का भाडेकरूंना नावानं हाक मारत नसत, जिल्ह्यानं मारत. दुसऱ्या मजल्यावरची लातूर, समोरची कोल्हापूर, वरची जळगाव. मी सांगली. "आक्का, मी मिरजेची आहे," असं मी पहिल्या महिन्यात चारदा तरी सांगितलं. मिरजेच्या माणसाला सांगली म्हटलेलं किती लागतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. आक्का म्हणाल्या, "तेच ते. जिल्हा एकच ना?" विषय संपला.

त्या स्वतः परभणीकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या, नवरा लवकर गेला, आणि त्यांनी एका सार्वजनिक वाचनालयात शिपाई म्हणून उभी नोकरी काढली. पहाटे बुद्धवंदना, मग चहा आणि शिळी भाकरी, मग पेपर शेवटच्या पानापासून. निधनाच्या जाहिरातीतला फोटो बघून म्हणायच्या, "हा फोटो लग्नातला लावलाय. माणूस गेला ऐंशीचा." घड्याळ पुरुषी, मोठ्या डायलचं, दहा मिनिटं पुढे. का पुढे, तर वाचनालय बंद करताना लोक उठायला दहा मिनिटं लावतात म्हणून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, आता कुणाला उठवायचंय? तर म्हणाल्या, "तुला. रोज ऑफिसला उशीर करतीस."

आणि मग कार्डं.

शहरानं एक कार्ड काढलं होतं. बस त्यावर, मेट्रो त्यावर, दवाखाना, पोहण्याचा तलाव, वाचनालय, मोठ्या बागा, सगळं एका कार्डावर. वसाहतीत शिबिर लागलं आणि ज्यांच्या नावावर घर त्यांना घरातल्या माणशी एकेक मिळालं. आम्ही अकरा महिन्यांच्या करारावरची माणसं. आमच्याकडे पत्त्याचा कागद नाही, म्हणजे कार्ड नाही. उलट आक्कांच्या घरात चार आली. त्यांचं एक, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचं, सुनेचं, आणि नातवाचं. तिघं पुण्याला, आणि आक्कांचे गुडघे गेलेले, जिना उतरणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. चार कार्डं फ्रिजवर पडून.

हे आक्कांना सहन होणं शक्य नव्हतं. वाचनालयानं मोडीत काढलेला किल्ल्यांचा लाकडी बोर्ड त्यांनी निवृत्तीच्या दिवशी मागून घरी आणला होता. तो दारामागे ठोकला, कार्डांना भोकं पाडून परकराच्या नाड्या ओवल्या आणि खिळ्यांना लटकवून दिली. लाल नाडी, हिरवी नाडी, पिवळी, आणि स्वतःच्या कार्डाला पांढरी. ज्याला जायचंय त्यानं घेऊन जावं. महिन्याभरात इमारतीतल्या आणखी पाच-सहा घरांनी आपली जास्तीची कार्डं आणून लावली. तळमजल्यावरचा कॉम्प्युटरवाला मुलगा पिवळी नाडी खिशातून ओढून बसमध्ये कार्ड लावायचा तेव्हा बायका तोंड फिरवून हसायच्या. त्यानं नाडी काढून टाकली, तर आक्कांनी त्याला पंधरा दिवस कार्ड दिलं नाही.

घेऊन जाण्याला अट एकच. परत आणताना स्टुलावर बसायचं आणि कुठं गेलात, काय पाहिलंत ते सांगायचं. "पोहलो, आलो," असं म्हणून चालायचं नाही. पाणी कसलं होतं, गर्दी कुणाची होती, शिट्टी मारणारा माणूस रागीट होता की नाही, सगळं. वहीबिही काही नाही. "लिहून काय करायचं? मला ध्यानात राहतं," म्हणायच्या आणि खरंच राहायचं. अंधेरीच्या तलावावरच्या शिट्टीवाल्याला मुलगी झाली हे आक्कांना ठाऊक होतं, आणि त्या तलावावर कधी गेलेल्या नव्हत्या. बोरिवलीच्या वाचनालयात कुठल्या खिडकीपाशी वारा येतो, मुलुंडच्या बागेत कुठला बाक मोडलाय, सगळं त्यांना माहीत.

गंमत अशी झाली की सांगावं लागतं म्हणून आम्ही बघायला लागलो. लातूर आठ वर्षं दिंडोशीत राहून बाजारापलीकडे गेली नव्हती. तिचा नवरा रिक्षा चालवतो, पण तो तिला कशाला फिरवतोय. आक्कांनी तिला हिरवी नाडी गळ्यात घालून मेट्रोनं घाटकोपरला पाठवलं. नुसतं जायचं आणि यायचं. ती परत आली आणि तासभर बोलत होती. लोकांच्या गच्च्या वरून कशा दिसतात, एका गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होती, तिनं गाडीकडे बघून हात केला. लातूर सांगता सांगता रडायला लागली. आक्का म्हणाल्या, "रडतीस कामून? उद्या परत जा." आणि ती गेली.

आता खरं काय ते सांगते. वर्षानुवर्षं मनात घोळवून झालंय, त्यानं काही हलकं झालं नाही.

दवाखान्यात तीस वर्षांवरच्या बायकांसाठी पिशवीच्या तोंडाची तपासणी सुरू झाली. कॅन्सर लवकर कळावा म्हणून. फुकट, कार्ड दाखवलं की झालं. इमारतीतल्या बायका घाबरल्या. कोण कपडे काढून टेबलावर झोपणार? म्हणून पहिल्या दिवशी आक्का स्वतः गेल्या. जिना उतरल्या, रिक्षानं गेल्या, तासाभरात परत. आम्हाला सगळ्यांना बोलावून सांगितलं, "काही नाही गं. पाच मिनिटं. सिस्टर चांगली आहे." मग, मेसेज आपल्याच फोनवर यावेत म्हणून, आपलं पांढऱ्या नाडीचं कार्ड आळीपाळीनं एकेकीला दिलं. त्या कार्डावर फोटो नव्हता, वयही नव्हतं. नाव विचारलं तर आक्कांचं सांगायचं, एवढंच. लातूर जाऊन आली, कोल्हापूर, जळगाव. चौथा नंबर माझा.

मी एकतीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं. आणि तो खाली भेटायला येणारा मित्र नुसता मित्र नव्हता. हाफ डे टाकून मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. आत रांगेत सिस्टर मोठ्यानं विचारत होती, "लग्न झालंय? मुलं किती?" मिरजेत माझ्या आईला हे कळलं असतं तर, असलं काहीतरी डोक्यात आलं. आईला कोण सांगणार होतं, पण भीतीला तेवढी अक्कल नसते. मी वळले, आली ती बस पकडली, मालाडला उतरून मार्व्याची घेतली, आणि बोटीनं पलीकडे मनोरीला जाऊन दुपारभर वाळूत बसून राहिले. एका कोळणीनं विचारलं, "एकलीच आली काय?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी स्टुलावर बसले. आक्कांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

"सिस्टर कशी होती?"

"चांगली होती. जाडी, चष्मा."

"हां, तीच," आक्का म्हणाल्या आणि खूश झाल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "शहाणी माझी सांगली."

चष्मा मी ठोकून दिला होता. तो बरोबर निघाला.

पंधरा-वीस दिवसांनी आक्कांच्या फोनवर मेसेज यायला लागले. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, मेसेज मीच वाचायची. तीन आले, तिन्ही नॉर्मल. चौथा आला. त्यात लिहिलं होतं की तपासणीत दोष दिसतोय, पुढच्या तपासणीसाठी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात दाखवावं. नाव आक्कांचं. पण चारींवर नाव आक्कांचंच होतं. सगळ्यांचीच तपासणी त्यांच्या कार्डावर झाली होती.

मेसेजवर नमुन्याचा नंबर होता. तपासणीच्या वेळी प्रत्येकीला नंबरची चिठ्ठी दिली होती. आक्कांनी तिघींना चिठ्ठ्या घेऊन बोलावलं. लातूर, कोल्हापूर, जळगाव, तिघींचे नंबर तीन नॉर्मल मेसेजशी जुळले. आक्कांची स्वतःची चिठ्ठी? ती त्यांनी खिडकी वाऱ्यानं वाजू नये म्हणून घडी करून फटीत खोचली होती. कागद पडून कशाला ठेवायचा. पावसाच्या सरीनं तिचा लगदा झाला होता. माझी चिठ्ठी, मी म्हटलं, हरवली.

आक्कांनी बोटं मोजली. पाच जणी गेल्या, मेसेज आले चार. म्हणजे एक यायचाय. तिघी सुटल्या. राहिलो आम्ही दोघी. मग बाकीच्या गेल्यावर दार लावलं आणि मला जवळ बसवून म्हणाल्या, "हा तुझा आहे, सांगली. माझा यायचाय."

पाचवा मेसेज कधीच येणार नव्हता. हे जगात फक्त मला माहीत होतं.

त्याच क्षणी बोलायचं होतं. किती सोपं होतं. आक्का, मी गेलेच नाही, हा तुमचा आहे. एवढे सहा-सात शब्द. मी म्हटलं, "आक्का, पण तुमचाही असू शकतो ना. तुम्ही परत करून घ्या."

"मला काय धाड भरलीय? चौसष्ट झाली माझी. तू आधी जा. तुझं सगळं व्हायचंय अजून."

आणि त्या दिवसापासून आक्का बदलल्या. इमारतीत कुणाला काही कळू दिलं नाही. लातूरनं विचारलं तर, "दोघींचं चांगलंय," म्हणून मोकळ्या झाल्या. मला नाचणीचं सत्त्व करून द्यायला लागल्या. पाण्याचा हंडा उचलू देईनात. पलंग मला दिला आणि स्वतः त्या गुडघ्यांनिशी खाली सतरंजीवर. कधी मऊ न बोलणारी बाई मला "लेकरा" म्हणायला लागली. सकाळ-संध्याकाळ एकच लकडा, "कधी जातीस?" मी म्हणे, ऑडिट आहे. मी म्हणे, सर रजा देत नाहीत. मी म्हणे, सोमवारी. कित्येक सोमवार गेले.

आणि रोज फोन माझ्यापुढे करायच्या. "बघ बरं, माझा आला का?"

मी उगाच स्क्रीनवर बोट फिरवायची. "नाही आला, आक्का."

"येईल. सरकारी काम."

तीन महिने. मी तीन महिने गप्प बसले. स्वतःला समजावत होते की त्यांना काही त्रास दिसत नाही, असेल किरकोळ, काहीतरी युक्ती काढू. एकदा वाटलं, सरळ जाऊन तपासून घ्यावं, नॉर्मल कागद आणून दाखवावा, मग त्यांना कळेलच. पण तो कागद दाखवला असता तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग पहिला कुणाचा? आणि त्या दवाखान्याच्या रांगेत तोच प्रश्न, लग्न झालंय? एका खोटेपणापायी दुसरा, त्यापायी तिसरा. मला आज माझाच राग येतो, असा की हातातलं भांडं आपटावं.

जानेवारीत भर दुपारी लातूरचा मरोळला फोन आला. आक्का जिन्यात बसल्यात, साडीला रक्त लागलंय, उठता येत नाही. मी रिक्षात बसून येईपर्यंत तिनं आणि तिच्या नवऱ्यानं त्यांना दवाखान्यात नेलं होतं. तिथून मोठ्या रुग्णालयात. मुलगा पुण्याहून आला. तपासण्या झाल्या. पिशवीच्या तोंडापासून सुरू होऊन आजार किडनीच्या नळ्यांपर्यंत पसरला होता. रक्त जाणं दोन महिने चालू होतं. आक्कांनी सांगितलं नव्हतं, उष्णता असेल म्हणाल्या. मी एका तरुण डॉक्टरला गाठून विचारलं, तीन महिने आधी आल्या असत्या तर? तो म्हणाला, "सांगता येत नाही. काही उपचार करता आले असते." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "तुम्ही मुलगी का?" मी नाही म्हटलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी वॉर्डात आम्ही दोघीच होतो. मुलगा औषधं आणायला गेला होता. आक्का उशीला टेकून, हाताला सलाईन. मला म्हणाल्या, "तुझ्या तपासणीचं कळव बाई लवकर. मला आता घोर दोन झाले."

मग मात्र मला धरवेना. मी सगळं सांगितलं. दार, रांग, सिस्टर, बस, बोट, वाळू. चष्मा ठोकून दिला तेही. मेसेज तुमचा होता, पाचवा येणारच नव्हता, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रडत सांगितलं, बाजूच्या खाटेवरची बाई बघत होती.

मला वाटलं, आक्का शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्यांची शिवी मला आयुष्यभर पुरली असती, निदान काहीतरी फिटल्यासारखं वाटलं असतं. त्यांनी मान वळवली आणि भुवया गोळा करून म्हणाल्या,

"म्हणजे तुझी तपासणी झालीच नाही?"

मी मानेनं नाही म्हटलं.

"मग इथं काय बसलीस? खाली बायकांची ओपीडी आहे. बारा वाजता बंद करतात. जा."

"आक्का, मी तुम्हाला काय सांगतेय..."

"ऐकलं मी. जा आधी. आणि तुझ्या नावानं कर."

मी खाली गेले. रांगेत उभी राहिले. सिस्टरनं मान खाली घालून विचारलं, लग्न झालंय? मी नाही म्हटलं. तिनं लिहून घेतलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं. पाच मिनिटं लागली, आक्का म्हणाल्या होत्या तेवढीच.

नंतर आक्का एकोणीस दिवस होत्या. त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही. मी रोज ऑफिस सुटलं की जायची. त्या कधी बोलायच्या, कधी भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. ते दुखण्यामुळे की माझ्यामुळे, मला कळायचं नाही आणि विचारायची हिंमत नव्हती. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागणार? माझा रिपोर्ट आला तो माझ्या फोनवर. मी वाचून दाखवला. त्यांनी नाव वाचायला सांगितलं. मी माझं पूर्ण नाव वाचलं, वडलांच्या नावासकट. त्यांनी परत वाचायला सांगितलं. मग "बरं झालं" म्हणाल्या आणि डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.

जलदान विधीला सगळी इमारत होती. खाली मांडव, भंतेजींनी वंदना घेतली, मग जेवणं. लातूर वाढत होती, तिचे डोळे सुजलेले. मी एका कोपऱ्यातली खुर्ची धरून बसले होते. आक्कांचा मुलगा पुण्याला परत जायच्या गडबडीत होता, तरी माझ्यापाशी आला, शेजारी बसला. म्हणाला, "ताई, तुमचे उपकार कसे फेडायचे कळत नाही. मी लांब. आईचं सगळं तुम्हीच केलंत."

मी म्हटलं, "असू दे हो."

"एकच कळत नाही," तो म्हणाला. त्याच्या हातात आक्कांचा फोन होता. "हा मेसेज चार महिन्यांपूर्वीचा आहे. ताबडतोब दाखवा म्हणून स्पष्ट लिहिलंय. आईनं एवढे दिवस का लावले?"

तो माझ्याकडे बघत होता. डोळे थेट आक्कांचे. मांडवात पंगत बसत होती, कुणीतरी पाणी फिरवत होतं.

मी म्हटलं, "हट्टी होत्या आक्का."

"होतीच," तो म्हणाला, आणि डोळे पुसता पुसता थोडा हसला. "लहानपणापासून बघतोय ना मी. कुणाचं ऐकायची नाही." मग उठून त्यानं स्वतः माझ्यासाठी ताट वाढून आणलं. "जेवा ताई. सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नाहीये, लातूरवाल्या वहिनी सांगत होत्या."

मी ताट घेतलं आणि जेवले.